होनोलुलूचे ‘ल प्रोग्रे द लोसेआनी’ लॉज आणि हवाईचे राजे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅसिफिक महासागरातील बेटांवर फ्रीमेसनरी कशी पोहोचली हा विषय निघाला की, गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी आपल्यापुरता काढलेला एक क्लब असेच चित्र बहुतेकांच्या मनात उभे राहते. हवाईच्या बाबतीत हे चित्र अपुरे पडते. येथील सर्वांत जुन्या लॉजच्या इतिहासात देवमासे मारणाऱ्या जहाजांचे कप्तान आहेत तसे स्थानिक राजेही आहेत, आणि हे राजे केवळ मानाचे पाहुणे म्हणून आलेले नव्हते. त्या इतिहासाबद्दल वाचकांना सहसा पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

हे लॉज नेमके कोणते?

‘ल प्रोग्रे द लोसेआनी’, म्हणजे ‘ओशनियाची प्रगती’, हे हवाई बेटांवर स्थापन झालेले पहिले मेसॉनिक लॉज होय. त्याची स्थापना 8 एप्रिल 1843 रोजी होनोलुलू बंदरात झाली. त्याला सनद फ्रान्सच्या सुप्रीम कौन्सिलकडून, म्हणजे मेसनांच्या वरच्या पदव्यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाकडून, मिळाली होती आणि त्या यादीत त्याचा क्रमांक 124 होता. हवाईचे राज्य तेव्हा स्वतंत्र होते, राजा कामेहामेहा तिसरा गादीवर होता, आणि अमेरिकेने ही बेटे आपल्या राज्याला जोडून घ्यायला अजून पंचावन्न वर्षे जायची होती. लॉजचा इतिहास वाचताना हे कालमान सतत ध्यानात ठेवावे लागते. आज अमेरिकेचे एक राज्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूमीतली ही संस्था जन्मली ती एका स्वतंत्र देशात.

फ्रीमेसनरी म्हणजे काय, आणि लॉज कशाला म्हणतात?

फ्रीमेसनरी ही पुरुषांची एक जुनी बंधुसंस्था आहे आणि तिच्या सदस्याला मेसन म्हणतात. तिची आजची रचना 1717 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ग्रँड लॉजपासून (अनेक लॉजांवर अधिकार असलेल्या मध्यवर्ती संस्थेपासून) सुरू झाली असे साधारणपणे मानले जाते. दगडी बांधकाम करणाऱ्या गवंड्यांची हत्यारे, म्हणजे गुण्या, कंपास, ओळंबा, पाणसळ आणि थापी, ही तिची प्रतीके आहेत, आणि सदस्याला क्रमाने तीन पदव्या विधिपूर्वक दिल्या जातात. विश्वाच्या निर्मात्यावर श्रद्धा ही प्रवेशाची पारंपरिक अट आहे, परंतु तो निर्माता कोणत्या धर्माचा असावा याची सक्ती नाही. लॉजमध्ये धर्मावर आणि पक्षीय राजकारणावर वाद घालू नये असाही नियम आहे.

लॉज हा शब्द आधी सभासदांच्या संघटित मंडळासाठी आणि नंतर त्यांच्या वास्तूसाठी वापरला जातो. म्हणूनच एखादे लॉज स्वतःची इमारत नसतानाही अस्तित्वात येऊ शकते. होनोलुलूत नेमके तसेच घडले.

लॉजची स्थापना जहाजावर झाली हे खरे आहे का?

होय. ‘अजाक्स’ नावाचे एक फ्रेंच जहाज त्या वेळी होनोलुलू बंदरात होते. त्याचा कप्तान ल तेलिए याच्याकडे फ्रान्सच्या सुप्रीम कौन्सिलचे अधिकारपत्र होते, आणि त्या अधिकाराने त्याने बंदरातल्या व गावातल्या मेसन मंडळींना एकत्र आणून लॉजची स्थापना केली.

आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, परंतु त्या काळाच्या दृष्टीने ते अगदी स्वाभाविक होते. देवमाशाच्या तेलाच्या व्यापारासाठी पॅसिफिकमध्ये वर्षानुवर्षे फिरणारी शेकडो जहाजे होनोलुलू आणि लाहाइना या बंदरांत डागडुजीसाठी, गोड्या पाण्यासाठी आणि ताज्या अन्नासाठी थांबत असत. न्यू इंग्लंड, ब्रिटन आणि फ्रान्समधले कप्तान घरापासून तीन-तीन वर्षे दूर राहत. अनोळखी बंदरात उतरल्यावर आपली ओळख पटवणारे, आजारपणात विचारपूस करणारे आणि मृत्यू आलाच तर रीतसर दफन करणारे कोणीतरी असावे, ही त्यांची खरी गरज होती. लॉजचा हा व्यावहारिक उपयोग त्याच्या गूढ प्रतीकांपेक्षा अधिक महत्त्वाचा होता असे माझे मत आहे, आणि जगभरच्या बंदरांत फ्रीमेसनरी इतक्या झपाट्याने का पसरली याचे उत्तरही बऱ्याच अंशी याच गरजेत आहे.

1843 साली हवाईची राजकीय परिस्थिती कशी होती?

अत्यंत नाजूक होती. लॉज स्थापन होण्याच्या सहा आठवडे आधी, 25 फेब्रुवारी 1843 रोजी, ब्रिटिश नौदलाचा अधिकारी लॉर्ड जॉर्ज पॉलेट याने तोफांच्या धाकावर हवाई बेटे ताब्यात घेतली होती. हवाईचा झेंडा उतरवून ब्रिटिश निशाण चढवण्यात आले. राजाने निषेध नोंदवून तात्पुरती माघार घेतली आणि ब्रिटिश सरकारकडे दाद मागितली. अखेरीस अॅडमिरल रिचर्ड थॉमस याने 31 जुलै रोजी हवाईचे सार्वभौमत्व परत बहाल केले. ज्या मैदानावर हा समारंभ झाला ते होनोलुलूतील थॉमस स्क्वेअर आजही त्याच नावाने ओळखले जाते.

म्हणजे लॉजची पहिली सभा झाली तेव्हा बंदरासमोरच्या गावावर ब्रिटिश निशाण फडकत होते, सभा फ्रेंच सनदेखाली भरली होती, आणि देशाचा धनी असलेला राजा आपले राज्य परत मिळण्याची वाट पाहत होता. पॅसिफिकमधील छोट्या राज्यांना त्या दशकात कोणत्या कात्रीत जगावे लागत होते हे समजण्यासाठी एप्रिल 1843 मधले होनोलुलू पुरेसे आहे.

फ्रान्स तर कॅथलिक धर्माचा पुरस्कर्ता होता, मग फ्रेंच कप्तानाने मेसॉनिक लॉज कसे काढले?

हा प्रश्न रास्त आहे, कारण पोपने 1738 सालीच कॅथलिकांना फ्रीमेसन होण्यास बंदी केली होती, आणि 1839 साली ‘आर्तेमीझ’ या युद्धनौकेचा कप्तान लाप्लास याने कॅथलिकांना हवाईत धर्मस्वातंत्र्य मिळावे म्हणून युद्धाची धमकी देऊन राजाकडून वीस हजार डॉलरांची हमी-रक्कम वसूल केली होती. तरीही फ्रेंच समाजात चर्च आणि मेसन हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. सरकार आपला प्रभाव वाढवण्यासाठी मिशनऱ्यांचा आधार घेत असे, तर व्यापारी आणि दर्यावर्दी वर्गात मेसन विचारांचे अनेक लोक होते. हवाईवर 1820 पासून वर्चस्व होते ते अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचे. त्यामुळे कॅथलिक चर्च आणि फ्रेंच लॉज हे एकमेकांना न मानणारे दोन प्रवाह होनोलुलूत चार वर्षांच्या अंतराने आणि दोन्ही फ्रेंच जहाजांच्या वाटेनेच स्थिरावले.

थोड्याच वर्षांत होनोलुलूत दुसरे लॉज का निघाले?

कॅलिफोर्नियात 1848 साली सोने सापडले आणि होनोलुलूतले अनेक धडधाकट पुरुष तिकडे धावले. या पांगापांगीत ल प्रोग्रेचे कामकाज थंडावले. पुढे कॅलिफोर्नियाशी दळणवळण वाढले तेव्हा होनोलुलूतल्या मेसनांनी तिथल्या ग्रँड लॉजकडे सनद मागितली आणि 1852 साली ‘हवाईयन लॉज क्रमांक 21’ अस्तित्वात आले. ल प्रोग्रेचे कामही नंतर पुन्हा सुरू झाले आणि एका लहानशा गावात दोन वेगवेगळ्या परंपरांची लॉजे नांदू लागली.

त्यांच्यात तंटा होणे अटळ होते. पहिल्या तीन पदव्या देणाऱ्या लॉजला सनद फक्त ग्रँड लॉजच देऊ शकते, अशी इंग्रजी आणि अमेरिकन परंपरेची ठाम भूमिका होती. फ्रान्समध्ये मात्र सुप्रीम कौन्सिलही तशी सनद देत असे. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या दृष्टीने ल प्रोग्रे हे अनियमित ठरत होते. हा तंटा वरवर कागदोपत्री वाटला, तरी एका लॉजच्या सभासदाला दुसऱ्या लॉजमध्ये बसता येईल की नाही हे त्यावर ठरत असे, आणि काही हजार वस्तीच्या गावात ही बाब लहान नव्हती. पुढे समेट झाला. हवाई अमेरिकेचा प्रदेश बनल्यानंतर, 1905 साली, ल प्रोग्रे स्वतःच कॅलिफोर्नियाच्या ग्रँड लॉजखाली गेले आणि त्याला 371 हा नवा क्रमांक मिळाला.

हवाईचे कोणकोणते राजे मेसन होते?

कामेहामेहा चौथा, त्याचा थोरला भाऊ कामेहामेहा पाचवा आणि कालाकाउआ, हे तिघे. कामेहामेहा चौथ्याला गादीवर असतानाच, 1857 साली, हवाईयन लॉजमध्ये दीक्षा मिळाली आणि पुढे तो त्या लॉजचा मास्टर, म्हणजे अध्यक्ष, झाला. कालाकाउआ 1859 साली, राजा होण्याच्या पंधरा वर्षे आधी, ल प्रोग्रेमध्ये दाखल झाला. पुढे तो त्या लॉजचा मास्टर झाला आणि स्कॉटिश राइटच्या, म्हणजे पहिल्या तीन पदव्यांपुढच्या पदव्यांच्या एका मालिकेच्या, तेहतिसाव्या आणि सर्वोच्च पदवीपर्यंत पोहोचला. कालाकाउआची बहीण आणि पुढे राणी झालेली लिलीउओकलानी हिचा पती जॉन ओवेन डॉमिनिस हाही मेसन होता.

युरोपातले अनेक राजे नावापुरते मेसन असत. हवाईचे राजे मात्र लॉजची खुर्ची सांभाळत, विधी म्हणत आणि सभासदांच्या निवडीत भाग घेत.

राजांना लॉजमध्ये जाण्याची गरज का वाटली असावी?

या प्रश्नाचे एकच एक उत्तर देता येणार नाही, परंतु कामेहामेहा चौथ्याच्या तरुणपणातील एक प्रसंग त्यावर प्रकाश टाकतो. अलेक्झांडर लिहोलिहो हे त्याचे मूळ नाव. तो पंधरा वर्षांचा असताना, 1849 साली, हवाई सरकारातील मंत्री डॉक्टर गेरिट जड यांच्याबरोबर तो आणि त्याचा भाऊ लोट (पुढचा कामेहामेहा पाचवा) युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. परदेशांशी बोलणी करणे हा त्या दौऱ्याचा हेतू होता. लंडन आणि पॅरिसमध्ये या राजपुत्रांचा योग्य मान राखला गेला. परतीच्या वाटेवर अमेरिकेत मात्र रेल्वेच्या डब्यात बसलेल्या अलेक्झांडरला कंडक्टरने, त्याचा रंग पाहून आणि तो कोणाचा तरी नोकर असावा असे समजून, डब्यातून उतरायला सांगितले. त्याने हा अपमान रोजनिशीत संतापाने लिहून ठेवला आणि तो आयुष्यभर विसरला नाही. राजा झाल्यावर त्याचा कल अमेरिकेपेक्षा ब्रिटनकडे राहिला, याचे एक कारण इतिहासकार या अनुभवात शोधतात.

अशा माणसाच्या दृष्टीने लॉजचे आकर्षण समजण्यासारखे आहे. सभागृहाच्या दाराशी पदव्या, पैसा आणि हुद्दा बाजूला ठेवून सर्व सभासद एकाच पातळीवर भेटतात, अशी मेसन परंपरेची प्रतिज्ञा आहे. ज्या व्यापाऱ्यांचे देशबांधव राजपुत्राला डब्यातून उतरवत होते, त्यांच्याच पंक्तीला तो लॉजमध्ये बसत होता, आणि मास्टर म्हणून त्यांच्या सभेचे अध्यक्षपदही भूषवत होता. ही समता प्रतीकात्मक होती हे मान्य केले, तरी 1850 च्या दशकात तपकिरी रंगाच्या माणसाला इतर ठिकाणी ती प्रतीकरूपातही क्वचितच मिळत असे.

दुसरे कारण राजनैतिक होते. हवाईच्या राजांनी आपले राज्य टिकवण्यासाठी पाश्चात्त्य देशांच्या मान्यतेची सर्व चिन्हे जाणीवपूर्वक आत्मसात केली होती. लिखित संविधान, संसद, वकिलाती, राजचिन्हे आणि सन्मानपदके यांच्या ओळीतच लॉजचे सदस्यत्व बसते. आम्ही तुमच्याच दर्जाचे राष्ट्र आहोत, हे ठसवण्याचा तो एक मार्ग होता.

लॉजने सार्वजनिक जीवनात काही ठोस काम केले का?

सर्वांत ठळक उदाहरण क्वीन्स हॉस्पिटलचे आहे. परकीयांबरोबर आलेल्या रोगांमुळे हवाईची मूळ लोकसंख्या भराभर घटत होती, आणि 1853 च्या देवीच्या साथीत हजारो माणसे मृत्युमुखी पडली होती. रुग्णालयासाठी तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून कामेहामेहा चौथा आणि राणी एमा यांनी स्वतः होनोलुलूत दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. देशाच्या राजाने हातात यादी घेऊन व्यापाऱ्याच्या दुकानाची पायरी चढावी, ही गोष्ट त्या काळच्या राजेशाह्यांच्या इतिहासात विरळा आहे. 17 जुलै 1860 रोजी या रुग्णालयाची कोनशिला मेसन विधींनुसार बसवण्यात आली, आणि ती बसवणारा राजा हा स्वतः मेसन होता. हे रुग्णालय आजही क्वीन्स मेडिकल सेंटर या नावाने हवाईतील प्रमुख रुग्णालयांपैकी एक आहे.

इओलानी राजवाड्याची कोनशिला मेसनांनी बसवली, ती कशी?

कालाकाउआ 1874 साली विधिमंडळाच्या निवडीने राजा झाला. जुन्या राजवाड्याची अवस्था बिकट झाली होती, म्हणून त्याने त्याच आवारात नवा राजवाडा बांधायचे ठरवले. राणी कापिओलानीच्या वाढदिवसाचा मुहूर्त साधून 31 डिसेंबर 1879 रोजी संपूर्ण मेसन विधींसह त्याची कोनशिला बसवण्यात आली.

मेसन पद्धतीने कोनशिला बसवताना तो दगड आधी हत्याराने तपासला जातो. गुण्या लावून कोन काटकोनात आहे का ते पाहतात, पाणसळीने माथा सपाट आहे याची खात्री करतात, ओळंबा सोडून बाजू सरळ आहेत का ते ताडतात. ही तीन हत्यारे लॉजच्या तीन पदाधिकाऱ्यांची असतात, आणि प्रत्येक जण आपल्या हत्याराची साक्ष देतो. त्यानंतर दगडावर धान्य टाकले जाते, मद्य ओतले जाते आणि शेवटी तेल ओतले जाते. समृद्धी, आनंद आणि शांतता यांची ती प्रतीके मानली जातात. आपल्याकडच्या वास्तुपूजनात वाढलेल्या वाचकाला धान्य आणि तेल दगडाला वाहण्याची ही कृती परकी वाटणार नाही.

राजवाडा 1882 मध्ये पूर्ण झाला. त्यावर तीन लाख चाळीस हजार डॉलरांहून अधिक खर्च आला आणि या खर्चावरून राजाच्या विरोधकांनी त्याला धारेवर धरले. कालाकाउआने नव्या वास्तूत भरवलेल्या अगदी पहिल्या समारंभांपैकी एक होता तो आपल्या मेसन बंधूंसाठी, डिसेंबर 1882 मध्ये, दिलेली मेजवानी. राज्याभिषेकाचा सोहळा त्यानंतर, फेब्रुवारी 1883 मध्ये झाला. हा क्रम मला बोलका वाटतो. परराष्ट्रांच्या वकिलांना आणि जगाला दाखवण्याआधी राजाने आपले घर लॉजच्या मंडळींना दाखवले.

अशा कोनशिलांखाली खरोखर काही पुरलेले असते का?

असते. होनोलुलूतच, राजवाड्यासमोर, अलीइओलानी हाले ही इमारत आहे. तिची कोनशिला कामेहामेहा पाचव्याने 19 फेब्रुवारी 1872 रोजी बसवली. तिच्याखाली ठेवलेली पेटी नेमकी कुठे आहे हे काळाच्या ओघात लोक विसरले होते. 2005 साली जमिनीखालचे दाखवणाऱ्या रडारच्या साहाय्याने तिचा ठाव लागला. राजघराण्याची छायाचित्रे, हवाईची टपाल तिकिटे, देशी-परदेशी नाणी, वर्तमानपत्रे, हवाईयन भाषेचा शब्दकोश आणि राज्याचे संविधान त्या पेटीत ठेवल्याची नोंद आहे. ज्या राज्याचे ते संविधान होते ते राज्य पुढे एकवीस वर्षांतच नष्ट झाले, आणि त्याचा कागद मात्र त्या भिंतीखाली तसाच राहिला.

‘हाले नाउआ’ हे देखील मेसॉनिक लॉज होते का?

नाही, परंतु गोंधळ होणे स्वाभाविक आहे. हाले नाउआ ही संस्था कालाकाउआने 1886 साली स्थापन केली. हवाईयन वंशावळी, खगोलज्ञान, कला आणि प्राचीन विद्या यांचे पुनरुज्जीवन करून त्यांची आधुनिक शास्त्राशी सांगड घालणे हा तिचा उद्देश होता. तिच्यात पदव्या होत्या, विधी होते आणि काही गुप्तताही होती. ही बांधणी करताना लॉजमधला प्रदीर्घ अनुभव राजाच्या कामी आला असणार, हे उघड आहे.

फरक असा की, हाले नाउआमध्ये स्त्रियांनाही प्रवेश होता आणि ती हवाईयन रक्ताच्या लोकांसाठी होती. मिशनरी परंपरेतील विरोधकांनी या संस्थेवर अंधश्रद्धेचे आणि मूर्तिपूजेचे आरोप केले. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली अर्धशतकाहून अधिक काळ दडपल्या गेलेल्या हुला नृत्याला आणि प्राचीन मंत्रगायनाला दरबारात परत मान देणारा हाच राजा होता, हे लक्षात घेतले की या आरोपांमागचा रोख कळतो. परक्यांकडून घेतलेल्या संघटनेच्या तंत्राचा उपयोग कालाकाउआने स्वतःच्या लोकांची स्मृती जपण्यासाठी केला, आणि त्याच्या कारकिर्दीतील ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

राजेशाही उलथवण्यात लॉजचा हात होता का?

संस्था म्हणून लॉजने कट केला असे म्हणायला आधार नाही. पण लॉजमधल्या बंधुत्वाने राजाला वाचवलेही नाही. 6 जुलै 1887 रोजी साखर-मळेवाले, व्यापारी आणि त्यांच्या सशस्त्र तुकडीच्या दबावाखाली कालाकाउआला नव्या संविधानावर सही करावी लागली. ‘संगिनीचे संविधान’ म्हणून ते ओळखले जाते. त्याने राजाचे बहुतेक अधिकार काढून घेतले, मालमत्तेच्या अटी घालून असंख्य हवाईयनांचा मताधिकार हिरावला आणि आशियाई रहिवाशांना मतदानातून पूर्णपणे वगळले, तर नागरिकत्व न घेतलेल्या युरोपीय व अमेरिकन रहिवाशांना मात्र मत दिले.

कालाकाउआ 20 जानेवारी 1891 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत वारला. त्याची बहीण लिलीउओकलानी गादीवर आली, आणि 17 जानेवारी 1893 रोजी अमेरिकन नौसैनिक होनोलुलूत उतरलेले असताना तिला पदच्युत करण्यात आले. 1895 साली, मेसन विधींनी ज्याचा पाया घातला होता त्याच राजवाड्याच्या वरच्या मजल्यावरील एका खोलीत तिला कैदेत ठेवले गेले. राजकारण बाहेर ठेवण्याचा लॉजचा नियम सभागृहात पाळला गेला असेल, परंतु सभागृहाबाहेर रंगाचे आणि साखरेचे राजकारणच प्रबळ ठरले, याबद्दल हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

या इतिहासाचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

थेट संबंध एक आहे आणि तुलना करण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. कालाकाउआ 1881 साली जगप्रदक्षिणेला निघाला. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला राजा होय. मळ्यांसाठी मजूर मिळवणे आणि परदेशांशी संबंध वाढवणे हे त्याचे उद्देश होते. जपान, चीन, सयाम आणि ब्रह्मदेश करून तो कलकत्त्याला उतरला, तिथून रेल्वेने मुंबईला आला आणि मुंबईहून जहाजाने इजिप्तकडे रवाना झाला.

तुलना अशी की, होनोलुलूत ल प्रोग्रेची स्थापना झाली त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर 1843 मध्ये, मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्कॉटिश सनदेखाली स्थापन झाले. त्यामागची हकिगत उद्बोधक आहे. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थाला मुंबईतल्या गोऱ्या मेसनांनी प्रवेश नाकारला होता. तो युरोपात गेला आणि पॅरिसमध्ये फ्रेंच लॉजमध्ये दीक्षा घेऊन परतला. तरीही मुंबईतले दार उघडेना, तेव्हा डॉक्टर जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने भारतीयांना सामावून घेणारे हे वेगळे लॉज काढण्यात आले. होनोलुलूतल्या राजाला आणि मुंबईतल्या पारशी सभासदाला दोघांनाही प्रवेश मिळाला. परंतु होनोलुलूत गोरे व्यापारी राजाच्या देशात परके होते, तर मुंबईत सत्ता त्यांच्याच हाती होती, आणि म्हणून इथल्या माणसासाठी त्यांनी निराळी खोली काढली.

पॅसिफिकमधील इतर बेटांवर काय घडले?

फिजीमधील लेवुका गावाचा उल्लेख येथे करावाच लागतो. 1882 पर्यंत लेवुका ही ब्रिटिश फिजीची राजधानी होती आणि स्कॉटिश सनदेखालचे ‘लॉज ऑफ पॉलिनेशिया’ तिथे होते. हे लॉज प्रामुख्याने युरोपीय वसाहतवाल्यांचे राहिले, आणि स्थानिक समाजात त्याच्याबद्दल संशय साचत गेला. इमारतीखाली दूरवर जाणारी भुयारे आहेत, आत सैतानाची पूजा चालते, अशा वदंता पिढ्यान्‌पिढ्या पसरल्या होत्या. 2000 साली फिजीतील सत्तांतराच्या धामधुमीत जमावाने ही इमारत जाळली. लेवुकाचे ऐतिहासिक बंदर-गाव 2013 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले, तेव्हा लॉजच्या केवळ जळक्या भिंती उरल्या होत्या. ज्या संस्थेचे दार गावातल्या बहुतेकांना बंदच राहिले, तिच्याविषयी अफवा वाढाव्यात यात नवल नाही.

स्त्रियांना या लॉजचे सदस्य होता येत असे का?

नाही. राणी एमा किंवा राणी कापिओलानी यांनी सार्वजनिक कार्यात पुढाकार घेतला, तरी लॉजचे सदस्यत्व पुरुषांपुरतेच होते.

हे लॉज आज अस्तित्वात आहे का?

आहे. 1989 साली हवाईची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली आणि बेटांवरील लॉजे कॅलिफोर्नियाच्या अधिकारातून तिच्याकडे आली. ल प्रोग्रे आणि हवाईयन लॉज ही दोन्ही जुनी मंडळे तिचा भाग आहेत. लॉजच्या सभा सभासदांसाठीच असतात, त्यामुळे केवळ इतिहासात रस असलेल्या प्रवाशाने आपला वेळ इओलानी राजवाड्याला द्यावा. 1978 पासून तो संग्रहालय म्हणून खुला आहे, आणि कालाकाउआने मेसन बंधूंना जेवायला बोलावले ती वास्तू त्यात आतून पाहता येते. रस्त्याच्या पलीकडे अलीइओलानी हाले आहे, आणि तिथून क्वीन्स मेडिकल सेंटर पायी जाण्याच्या अंतरावर आहे.